वरचा भाग, खालचा भाग

२ ऑक्टोबर, बुधवार

मामा म्हणाला, कानामे, तुझ्या पायाखाली कणीक आहे, शत्रू नाही. मान्य. पण खरा शत्रू समोर येत नसेल तर माणसाने तुडवायचं कुणाला? मामाच्या दुकानात उदोनची, म्हणजे जाड शेवयांची, कणीक पायांनी तुडवून मळतात, ते काम माझं, आणि गेले तीन आठवडे आमचं उदोन गिऱ्हाइकांच्या दातांनी तुटत नाही. एक म्हातारा तर मामाला म्हणाला की शेवया आहेत की जहाजाचे दोर? मामाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे वाद नको : कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. पहिल्या वर्षी सुरुवात कळली. शेवटी काय होतं तेही कळलं, कारण शेवटच्या वर्षाला पोचलेली मुलं ओसाकाच्या स्टेशनवर काळा सूट घालून मुलाखतींना जाताना रोज दिसायची. मग मधली वर्षं कशासाठी घालवायची?

आता खरी बातमी. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तोमोए कॉफी करते. दुकान तिच्या काकाचं. आज जाताना काचेतून पाहिलं तर ती 'बिनवाऱ्याचं जहाज' वाचत होती. ही कादंबरी आजीच्या पिढीपासून सगळे वाचत आलेत. मी अजून नाही. काचेवर कागद लावलाय : एक शनिवार आड वाचकमंडळ, या मोसमात हेच पुस्तक, सर्वांचं स्वागत.

सर्वांचं म्हणजे कुणाचं, हे कळायला कॉलेज लागत नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारपेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'बिनवाऱ्याचं जहाज' आणलं. दोन जाड भाग, प्लास्टिकच्या दोरीने एकत्र बांधलेले. एकाच्या पाठीवर 'वरचा भाग', म्हणजे पहिला, दुसऱ्याच्या पाठीवर 'खालचा भाग', म्हणजे शेवटचा. संपूर्ण ग्रंथ. दुकानदाराला विचारलं, सगळं आहे ना? म्हणाला, बांधलंय तेवढं सगळं आहे.

निश्चय : रोज शंभर पानं.

९ ऑक्टोबर, बुधवार

वरचा भाग संपवला. सोकिची नावाचा स्वयंपाक्याचा पोरगा. वारा नसला तरच चालणारं जहाज. शेवटी भोवरा सगळं जहाज गिळतो आणि शेवटचं वाक्य : सोकिचीने डोळे मिटले. मी ते वाक्य वाचून उठलो आणि कणीक तुडवायला गेलो. मामा म्हणाला, आज पायात जीव आहे.

खालचा भाग उघडला आणि थक्क झालो. वरचा बाराव्या प्रकरणाला संपतो, खालचा थेट पंचविसाव्याला सुरू होतो! काय हिंमत! मधली बारा प्रकरणं लेखकाने लिहिलीच नाहीत! भोवऱ्यात बुडालेला पोरगा पान उलटताच पांढऱ्या केसांचा म्हातारा, डावा डोळा गेलेला, एका बेटाचा मालक, आणि बोलणारा बैल बाळगून आहे. तो ओतोसे, ओतोसे म्हणून रडतो. हे ओतोसे म्हणजे कोण? लेखक एक अक्षर सांगत नाही. सगळं वाचकावर सोपवतो. याला म्हणतात वाचकाचा मान राखणं.

हा लेखक मला कॉलेजात भेटला असता तर मी कॉलेज सोडलंच नसतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी

वाचकमंडळ. चार माणसं आणि मी.

तिथला नियम छान आहे. ज्याची पाळी त्याने कप हातात घ्यायचा, आणि तो कप खाली ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणी एक शब्द बोलायचा नाही. तोमोएच्या काकाने घातलेला नियम. तो स्वतः काही वाचत नाही, फक्त कप मोजतो.

आधी ओकिताआजोबा. जन्मभर बेटांच्या फेरीबोटींवर इंजिन सांभाळलेला माणूस. म्हणाले, पुस्तक म्हणजे शुद्ध थापा. एवढं जहाज गिळणारा भोवरा आपल्या समुद्रात नाही, कधी नव्हता. मी चौथ्यांदा वाचतोय आणि चौथ्यांदा संताप येतोय. मग नाक पुसलं.

मग शिराकावा. नगरपालिकेत नोकरी, पुस्तकात रंगीत चिकटपट्ट्यांचं जंगल. त्याच्या मते ही समुद्राची गोष्टच नाही, जहाज म्हणजे सरकार, वारा म्हणजे जनता. असल्या माणसाला मत्स्यालय दाखवलं तर मासे म्हणजे मतदार म्हणेल.

मग तोमोए. म्हणाली, हे सोकिचीचं पुस्तक नाहीच, ओतोसेचं आहे. सोकिची पळपुटा आहे. त्याने तिला मिठाच्या किनाऱ्यावर सोडलं, हे मी त्याला माफ करणार नाही.

मिठाचा किनारा? असला किनारा पुस्तकात नाही. पण चूक तोमोएची आहे म्हणून मी ती हळुवार दुरुस्त करायचं ठरवलं. कप उचलला. म्हणालो, ओतोसे ही बाईच नाही. ओतोसे हा सोकिचीचा हरवलेला डावा डोळा आहे. पुरावा? खालच्या भागात तो म्हणतो : ओतोसे, तुझ्याविना अर्धं जग काळं झालं. अर्धं! दोन डोळ्यांतला एक गेला की किती जग काळं होतं? हिशोब करा.

शिराकावाने तोंड उघडलं. मी कप खाली ठेवला नाही. कॉफी संपली तरी ठेवला नाही. रिकामा कप धरून मी आणखी बराच वेळ बोललो.

मग ठेवला. ओकिताआजोबांचं तोंड उघडंच होतं. शेवटी शिराकावा म्हणाला, हं, असंही वाचता येतं. त्याच्या तोंडून कबुली! तोमोए माझ्याकडे बघत राहिली.

१३ ऑक्टोबर, रविवार

मामाला सांगितलं. मामा म्हणाला, अरे गाढवा, 'असंही वाचता येतं' ही आपल्याकडे 'साफ चूक' म्हणायची सभ्य रीत आहे. मी घरमालकाला 'विचार करतो' म्हणतो तसं.

मामाने आयुष्यात उदोनच्या पिठाच्या पिशवीशिवाय काही वाचलेलं नाही. क्षमा केली.

आणि दुपारी कोण आलं? तोमोए! एक साधं उदोन, वर माशाचं भजं. खाऊन झाल्यावर मला मानाने, आडनावाने हाक मारून म्हणाली, इसोदा-सान, काल मला झोप लागली नाही. तुमचं ते डोळ्याचं. ओतोसे त्याला बघायला शिकवते, ती गेल्यावर त्याला दिसतच नाही. इतक्यांदा वाचूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. शेवटच्या बैठकीत मुख्य भाषण तुम्ही कराल?

मी हो म्हणालो. आवाज थोडा मोठा निघाला. पलीकडच्या गिऱ्हाइकाने शेवया गिळायच्या थांबवल्या.

ठरलं. ९ नोव्हेंबरला भाषण. भाषण झालं की तिथेच तिला सरळ सांगायचं. मग लग्न. मग बंदराजवळ घर, जिथून बेटं दिसतील. कुत्रा पाळू, त्याचं नाव सोकिची. हे सगळं मामाला सांगितलं तर त्याने विचारलं, पोरीचं आडनाव काय? माहीत नाही. लग्नानंतर ते बदलणारच आहे, आत्ता पाठ कशाला करायचं?

मामाने कढईतल्या भज्यांकडे तोंड फिरवलं आणि त्याची पाठ बराच वेळ हलत राहिली. ठसका लागला असेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी बैठक. आज माझं डोकं फिरलं, आणि फिरायलाच हवं होतं.

लोक पुस्तकात नाही ते बोलतात! ओकिताआजोबा म्हणे ओतोसे विहिरीतून खारं पाणी काढून गोडं करते, तिथे त्यांना त्यांच्या बायकोची आठवण येते. कुठली विहीर? शिराकावा म्हणे लग्नाचा प्रसंग जरा लांबला आहे, मधलं एकूणच कापायला हवं होतं. तोमोए त्यावर इतकी चिडली की कप हातात नसताना बोलली. म्हणाली, मधलं कापलं तर उरतं काय? एक बुडालेला मुलगा आणि एक रडका म्हातारा.

कुठलं लग्न? कुठलं मधलं? यांनी लहानपणी टीव्हीवरचं कार्टून पाहिलं असणार आणि तेच पुस्तक म्हणून डोक्यात ठेवलंय. आपल्या देशात वाचनाचं हे असं झालंय.

मी कप उचलला आणि शिराकावाला सगळ्यांसमोर म्हणालो, साहेब, पुढच्या वेळी पुस्तक वाचून या. तो लाल झाला. मग वाकून म्हणाला, हो, पुन्हा वाचतो. हार.

निघताना तोमोएने विचारलं, इसोदा-सान, तुम्ही सगळं वाचलंय ना? मी म्हणालो, वरचाही आणि खालचाही. दोनदा. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात काकाने कप धुवायला हाक मारली.

मला वाटतं तिलाही काहीतरी सरळ सांगायचं होतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भाषण पाठ. कणकेसमोर दोनदा म्हटलं. केस कापले. मामाचा काळा कोट अंगात बसतो, फक्त हात बाहेर राहतात.

निश्चय : उद्या कुणाचंही ऐकून घ्यायचं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

कप उचलला. सुरुवात दणक्यात झाली. म्हणालो, मित्रहो, या मंडळात एक अफवा पसरली आहे की ओतोसे नावाची बाई या पुस्तकात आहे. ती विहिरीवर जाते म्हणे, लग्न करते म्हणे. मी आव्हान देतो. एक पान दाखवा. एकच पान, जिथे ती बाई चालताना, बोलताना, जेवताना दिसते!

नियम असा की कुणी बोलू शकत नव्हतं.

शिराकावाने पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. वरचा भाग. मी बोलत राहिलो. त्याने खालचा भाग काढला, थोडी जागा सोडून ठेवला. मी बोलत राहिलो. मग त्याने तिसरं पुस्तक काढलं. बाकीच्या दोन्हींपेक्षा जाड. चिकटपट्ट्यांनी साळिंदर झालेलं. ते त्याने मधल्या जागेत सरकवलं.

पाठीवर लिहिलं होतं : मधला भाग.

मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. बहुधा बैलाबद्दल. कप खाली ठेवला नाही, कारण कप ठेवला की ते बोलणार. हात दुखायला लागला. ओकिताआजोबा टेबलाखाली वाकले, चष्मा पडला म्हणून. चष्मा त्यांच्या नाकावर होता. तोमोएच्या काकाने पहिल्यांदाच कप मोजायचे सोडून माझ्याकडे पाहिलं.

मग तोमोए उठली आणि माझ्या हातातून कप काढून घेतला. हळू म्हणाली, म्हणजे तुम्हाला ती भेटलीच नाही.

मी म्हणालो, असंही वाचता येतं.

आणि निघालो. तिला सरळ सांगायचं राहिलं. कोटही तिथेच राहिला, पण तो मामाचा आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

मी माघार घेतलेली नाही. नीट विचार केला तर माझंच बरोबर आहे. मधला भाग हे लेखकाचं दुबळेपण आहे. प्रकाशकाने पानं मागितली असणार. खरी कादंबरी माझ्याकडे आहे, दोरीने बांधलेली. बाकी सगळ्यांनी नको तेवढं वाचलंय.

मामा सकाळपासून एकच वाक्य घोळवतोय : तुझं आणि मधल्याचं कधी जमलंच नाही रे. कॉलेज बघ, पुस्तक बघ, पोरगी बघ. मी कणकेवर उड्या मारल्या. आज दोन गिऱ्हाइकांनी कात्री मागितली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तोमोए आली. मी पिठाच्या पोत्यांमागे मोजदाद करत होतो. (लपलो नव्हतो.) तिने उदोन खाल्लं, बराच वेळ चावलं. मामाशी काहीतरी बोलली, मामा हसला, हे मला अजिबात आवडलं नाही. गेली तेव्हा काउंटरवर मामाचा कोट होता, घडी केलेला, आणि त्यावर मधला भाग. तिची स्वतःची प्रत, कोपरे झिजलेले, कॉफीचे डाग.

मामा म्हणाला, निरोप आहे : हा वाचून होईपर्यंत कॉफीला यायचं नाही.

म्हणजे वाचल्यावर यायचं! मामाला हा अर्थ दिसला नाही. मला दिसला.

निश्चय : वाचणार नाही. माझं मत एका भागासाठी बदलत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी

फक्त त्यांच्या चुका शोधायला उघडलं.

सोकिची किनाऱ्यावर पडलाय. एक बाई त्याच्या डोळ्यांतलं मीठ धुते. चार पानं झाली तरी ती नाव सांगत नाही, तोही विचारत नाही. पाचव्या पानावरही धुणंच. इतका वेळ कुणाला आहे? शेवटी होतं काय तेवढं बघून टाकावं म्हणून शेवटचं पान काढलं.

तिथे एक पिवळी चिकटपट्टी. तोमोएचं अक्षर.

आलास ना थेट इथे? मागे फिर.

आणि खाली सही. पूर्ण नाव, आडनावासकट : तोमोए हिरामात्सु.

'आलात' नव्हे. 'आलास'. याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको, बंदराजवळच्या घराची चौकशी करायला हरकत नाही. मात्र मामा गिऱ्हाइकांसमोर काय काय बोलतो, त्याचीही चौकशी करायची आहे.

मामाने हाक मारली, कणीक वाट बघतेय. म्हणालो, थांब जरा, पहिल्या पानावर आहे.