सुगंधाच्या नावावरचा मफलर

अकोला, ९ जानेवारी १९६३

आदरणीय जाऊबाई, जयभीम.

तुमचं लोकरीचं पार्सल मिळालं. बैरंग होतं, बारा आणे मी भरले.

माझ्या शालूनं क्रोशाच्या सुईवर उठावाचे दाणे घालून विणलेला मफलर तुम्ही पाहुण्यांना आपल्या सुगंधाच्या हातचा म्हणून दाखवला, सोयरीक जमवली, आणि आता व्याह्यांसाठी तसाच दुसरा मागता? शालू विचारते, “आई, सासूनं ताईच्या हाती सुई देली त ते काय करन वं?”

रोज वंदनेत खोटं न बोलण्याचं शील कोण म्हणतं मग? आधी लिहिलेली दोन पत्रं तुमचा मान राखून न पाठवता ट्रंकेतच ठेवली. आता सुगंधाला इकडे धाडा. शालू शिकवील, मफलर सुगंधानंच विणावा. पाहुण्यांना खरं तुम्ही सांगता की मी लिहू, ते परतीच्या टपालानं कळवा.

तुमची धाकटी जाऊ,
मनकर्णा