छावणीचा भात

प्रति,
मा. तुकडीप्रमुख श्री. चारुदत्त निंबाळकर,
तात्पुरती छावणी, मुलांची शाळा,
बागबाजार, कलकत्ता.

दिनांक : ८ फेब्रुवारी १९७१

विषय : कोंबड्यांसाठी मिळणारे उष्टे अन्न बंद करून अर्जदारास भर रस्त्यात मारहाण करण्याबाबत.

संदर्भ : दि. २८ जानेवारी रोजी छावणीच्या फाटकात आपले व अर्जदाराचे झालेले मराठी संभाषण.

महोदय,

१. अर्जदार श्यामसुंदर गोविंद पाळंदे हा, आपली छावणी जिथे पडली आहे त्याच शाळेत एकवीस वर्षे चित्रकला शिकवीत आला आहे. शाळा बंद झाल्यापासून पगार अर्धा मिळतो. पत्नी सौ. प्रेमलताबाई यांना क्षय असून डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली आहेत. विकतची अंडी परवडेनात म्हणून अर्जदाराने परसात बारा कोंबड्या पाळल्या.

२. कोंबड्या मोकळ्या हिंडत होत्या तोवर अर्जदाराच्या खिशाला त्यांची झळ नव्हती. सकाळी कालव्याच्या काठी सोडल्या की किडामुंगी, भाजीबाजारातला पाला, गोण्यांतून सांडलेले तांदूळ यांवर त्यांचे भागत असे. संध्याकाळी मूठभर कणी टाकली की झाले. दिवाळीनंतर कोणी तरी काठावर बॉम्ब पुरून ठेवू लागले. एका सकाळी एका कोंबडीने उकरू नये ते उकरले. तिची फक्त पिसे परसापर्यंत आली. उरलेल्या अकरा अर्जदाराने कोंडून घातल्या आणि तेव्हापासून दिवसाला सव्वा किलो दाणा पुरवताना त्याच्या नाकी नऊ आले. स्वतःचा रात्रीचा भात त्यांना घालून पाहिला. त्यात त्यांचेही पोट भरेना आणि अर्जदाराचेही.

३. म्हणून छावणीतले उष्टे मागायला अर्जदार फाटकाशी आला, तेव्हा आपण आचाऱ्याला मराठीत झाडत होता. घराबाहेर इतक्या खणखणीत आवाजातले मराठी अर्जदाराने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. त्याचे भान सुटले, हे येथे कबूल करण्यात येते. आपण रोज संध्याकाळी पाचला एक बादली भात देववू लागलात. दाण्याचा खर्च जवळजवळ मिटला, अंडी वाढली, प्रेमलताबाईंच्या गालांवर थोडा रंग आला. दि. २८ रोजी अर्जदार आपल्यासाठी सहा अंडी घेऊन आला आणि दहा मिनिटे बोलत उभा राहिला. कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालावा की अंड्यांचीच टरफले, एवढाच विषय होता. आपण हसून अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवलात. समोरच्या चहाच्या दुकानातून निम्मी गल्ली ते पाहत होती, आणि तिच्यात एकालाही मराठी येत नाही.

४. दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या जवानांनी नक्षलवादी असल्याच्या संशयावरून गल्लीतली तीन मुले उचलली. एकाला केसांना धरून जिन्यावरून ओढले. त्याचे पुढचे दात पायरीवरच राहिले. तिघेही अर्जदाराचे विद्यार्थी. गल्लीने जो निष्कर्ष काढला तो अर्जदारानेही काढला असता. चहावाले निताईबाबू यांनी चहा न देताच विचारले, “मास्टरमोशाय, दहा मिनिटं कुणी शिंपल्यांवर बोलतं का?”

५. शनिवारी छावणीचे कपडे धुणारा सुखलाल धोबी भर दुपारी घाटावर भोसकला गेला. चौदा वार होते आणि तोंडात छावणीतलाच एक मोजा कोंबलेला होता. रविवारी सकाळी अर्जदाराने दार उघडले तो उंबऱ्यावर नऊ कोंबड्या ओळीने मांडलेल्या. मुंडकी आपण दिलेल्या बादलीत. प्रत्येकीची गळ्याखालची दाण्याची पिशवी चिरून आतला भात काढून ठेवला होता, नऊ लहान ढीग. समोरच्या भिंतीवर लाल रंगात बंगालीत लिहिले होते : ‘छावणीचा भात आणखी कोणाकोणाच्या पोटात आहे ते उघडून पाहू.’ अर्जदाराची पाचावर धारण बसली. त्या कोंबड्यांची अंडी कोण खाते हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

६. यावर आपण दाराशी पहारा बसवाल, अशी भीती वाटते. कृपया बसवू नये. पहारा म्हणजे गल्लीच्या संशयावर आपणच मारलेला शिक्का होईल. प्रेमलताबाईंना प्रवास सोसणार नाही, आणि तीन पिढ्या इथे गेल्यावर जायचे तरी कोणाकडे? अर्जदार आपला माणूस नाही हे गल्लीला तिच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. तरी खालीलप्रमाणे व्हावे :

(क) शुक्रवार दि. १२ रोजी पाच वाजता, चहाचे दुकान भरलेले असताना, अर्जदार रिकामी बादली घेऊन फाटकाशी येईल. बादली लाथेने उडवावी.

(ख) मारहाण खरी असावी. या गल्लीने गेल्या वर्षभरात इतके पाहिले आहे की खोटा मार तिला लगेच कळेल. रक्त निघावे. शक्यतो उजवा हात सोडावा. शाळा उघडल्यास त्याचे काम पडेल.

(ग) शिव्या हिंदीत द्याव्यात, म्हणजे सर्वांना समजतील. मराठीत एक शब्दही बोलू नये. आपल्या तोंडून मराठी शिवी आली तर अर्जदाराला बरे वाटेल आणि ते चेहऱ्यावर दिसेल.

(घ) अर्जदाराचे घर फाटकासमोरच आहे. प्रेमलताबाईंना यातले काही सांगितलेले नाही. खिडकीतून त्यांचा आक्रोश ऐकू आल्यास हात थांबवू नये. गल्लीचा विश्वास त्या आक्रोशावरच बसणार आहे.

उरलेल्या दोन कोंबड्यांच्या दाण्याचे अर्जदार पाहून घेईल.

७. इथली पेटी नजरेखाली असल्याने हा अर्ज एस्प्लनेडहून टपालात टाकत आहे. वाचून जाळावा. उत्तराची गरज नाही. शुक्रवारी काही न घडल्यास, त्यानंतर तर मुळीच नाही.

आपल्या माराच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
श्यामसुंदर गोविंद पाळंदे

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल (अंड्यांबाबत).
२) भिंतीवरील मजकुराची नक्कल.
३) जवानांनी माणूस चुकू नये म्हणून अर्जदाराने स्वहस्ते काढलेले स्वतःचे चित्र. त्यात चष्मा दाखवलेला नाही. शुक्रवारी तो घरी काढून ठेवला जाईल.