तोफेच्या आतली जागा

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. तुझे बाबा रोज विचारतात, उत्तर लिहिलंस का, आणि मी रोज नवं निमित्त काढते. हुशार आहेस तू. सैन्यात तोफेवर जायचं की घराजवळच्या लष्करी भांडारात सामान मोजत बसायचं, हे तुला महिनाअखेरीस कळवायचंय, आणि 'आई, तू म्हणशील तसं' एवढं एक वाक्य लिहून सगळं माझ्या गळ्यात टाकून तू मोकळी झालीस. लहानपणी बूट घेतानाही तेच. दुकानात तासभर घालवायचीस, शेवटी 'तूच सांग' म्हणायचीस, आणि मी सांगितलेले बूट चावले की दोष माझा. हे काही बूट नाहीत, म्हणून मलाही वेळ लागला.

आमच्या तोफांच्या कारखान्यात, आमच्या शेडमध्ये एक रीत आहे, ती तुला मी मुद्दामच कधी सांगितली नव्हती. तोफगाडीच्या सांगाड्याला शेवटचं वेल्डिंग जो करतो, म्हणजे शेवटचा सांधा जो मारतो, त्याने तिच्या चाचणीच्या दिवशी आत बसायचं. पहिले गोळे आत कुणी नसताना लांबून उडवतात. मग तोफेची माणसं आत शिरतात, आणि त्यांच्या मागे घडीच्या सीटवर आमच्यापैकी एक. ही रीत कुणी पाडली देव जाणे, पण अर्थ सरळ आहे, आपल्या कामावर आपणच बसून दाखवायचं. माझी पाळी आली की मी ती आजवर खुशाल दुसऱ्याला देत आले. कधी कंबर धरली, कधी घरी पाहुणे आले. आमच्या फोरमनला आम्ही पाठीमागे भोंगा म्हणतो. तो म्हणायचा, "बाई, तुमच्याकडे पाहुणे आणि चाचणी एकाच दिवशी कसे येतात हो?" खरं सांगू का, मला तोफ बघायचीच नव्हती. एक जाड पत्रा, दुसरा जाड पत्रा आणि मध्ये माझा सांधा, एवढंच मला पुरत होतं.

या वेळी मात्र आपण होऊन नाव दिलं. म्हटलं, पोरगी जिथं बसायचं म्हणते तिथं एकदा बसून तरी येते. मनात पक्कं होतं, खोट काढायची. धूर कोंडत असेल, डोकं आपटत असेल, कानठळ्या बसत असतील. असं एक कारण हाती लागलं की तुला 'नको' लिहायला मी मोकळी. भोंग्याने दोनदा विचारून घेतलं, घरी पाहुणे नाहीत ना म्हणून.

मैदानावर ती उभी होती आणि मी तिला ओळखलंच नाही. शेडमध्ये ती बिनरंगाची, अर्धवट, ठोकळ्यांवर चढवलेली असते. इथे रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर ऐटीत उभी, अंगावर मातकट रंग, आणि नळी एवढी लांब की आपल्या स्वयंपाकघरात ठेवली तर टोक रस्त्यावर जाईल. आत मात्र न्हाणीघराएवढी जागा. तोफेची प्रमुख तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने मला पट्टे बांधले, कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाली, "काकू, हात मांडीवरच ठेवा. मागच्या यंत्राच्या वाटेत काही आलं तर ते थांबत नाही." इतक्या आदराने मला कुणी कधी दटावलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा वाटलं, एवढं पन्नास टनांचं धूड रखडत जाईल, तर ती खाचखळग्यांतून अशी सुटली की माझे दात वाजायला लागले.

धावता धावताच कुठूनतरी संदेश आला, पडद्यावर आकडे उमटले, आणि गाडी थांबली. आपण कुठे उभे आहोत, तोंड कुठे आहे, जमीन किती कलली आहे, हे तिचं तिलाच ठाऊक. कुणी खाली उतरलं नाही, कुणी दुर्बीण लावली नाही. माझ्या मागे कपाट उघडल्यासारखा आवाज झाला. दोन्ही हातांनी पोटाशी धरूनही मला जो उचलला नसता, तो गोळा यंत्राने अलगद उचलून नळीत सारला, त्याच्यामागे दारू. नळी वर उठली. ती पोरगी "फायर" म्हणाली ते इतकं हळू, जसं जेवताना कुणाकडे मीठ मागावं. धक्का कानात बसत नाही गं, छातीत बसतो. मी श्वास घेते तोवर दुसरा गोळा आत. प्रत्येक वेळी नळी थोडी खाली झुकायची. पहिला गोळा उंच फेकलेला, पुढचा त्याहून बसका, त्यापुढचा आणखी बसका, आणि सगळे वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकाच क्षणी एकाच जागी पडणार. एकटी तोफ, पण पलीकडच्याला वाटावं चार-पाच लागल्यात. आणि गोळे अजून आभाळातच होते तोवर आम्ही तिथून निघालोही, कारण जिथून मारलं तिथं थांबलं की समोरचा हुडकून काढतो. मी आ वासून बसले होते. मग दटावणी विसरून मी शेजारच्या भिंतीवरून हात फिरवला, माझ्याच सांध्यावरून. त्याने कुरकुरसुद्धा केली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अभिमानाचं होतं, तुझ्यापासून काय लपवायचं. बाहेर आल्यावर भोंग्याने चहा हातात दिला.

खोट सापडली नाही. धूर नाही, कोंडमारा नाही, कान शाबूत. तिथं बसलेल्याला उघड्यावरच्या कुठल्याही सैनिकापेक्षा कमी धोका, हे मला कबूल करावं लागलं, आणि जरा रागही आला. तेवढ्यात भोंगा म्हणाला, चला, कुठे पडले ते बघून येऊ. मोजमापं घेणाऱ्यांची गाडी जाते, तिच्यात आमच्यातल्या माणसालाही नेतात. टेकड्यांमागून टेकड्या गेल्या तरी जागा येईना. एवढ्या लांबून, न बघता, मी मनात म्हणत राहिले. तिथं निशाण म्हणून पाडकामाच्या सामानातून एक खोली उभारली होती. सकाळपर्यंत होती. खड्डे एकात एक मिसळलेले, माती अजून गरम. मोजणारे खुशीत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मीही हसत होते. मग मला एक दार दिसलं. चौकटीसकट लांब उडालेलं, आणि त्याला कडी लावलेली, तशीच्या तशी. आपण घरात शिरलो की लावतो तशी.

परत आल्यावर त्या पोरीला विचारलं, तू कधी बघायला गेलीस का गं तिकडे? ती म्हणाली, "नाही काकू. गोळा पडतो तेव्हा आम्ही दुसरीकडे निघालेलो असतो. लागला एवढं पडद्यावर कळतं." वाईट नव्हती हो पोरगी. मला हाताला धरून खाली उतरवलं तिने.

आता तुझं उत्तर. आठवडाभर मला एकच भीती होती, तुला काही झालं तर. आता दुसरीच आहे. तुला काही होणार नाही, तू आत सुखरूप बसशील, आणि पलीकडे काय झालं ते तुला कधी दिसणारच नाही. मला पन्नाशीच्या बाईला त्या यंत्राने भुरळ घातली, तुझं काय होईल. तरी मी लिहिते, जा. तू भांडारात बसलीस म्हणून ती जागा रिकामी राहणार नाही, दुसरं कुणीतरी बसेल. तिथं शाळेत मास्तरांना प्रश्न विचारून रडकुंडीला आणणारी माझी भिंगरी बसलेली मला चालेल. दर वेळी विचार, कुठे पडला, तिथे कोण होतं. ते वैतागतील, विचारत राहा. तुझे बाबा समोर इस्त्री करतायत, चौथ्यांदा तोच शर्ट. त्यांना 'जा' वाचून दाखवायचा मला धीर नाही, म्हणून पाकीट तसंच चिकटवते. आणि ऐक, ज्या दिवशी तुला विचारावंसं वाटणार नाही, त्या दिवशी कुणाची परवानगी मागत बसू नकोस. सरळ घरी ये.

तुझीच,
आई