मॅनेजरचे प्रशिक्षण

१९ ऑगस्ट १९८२, सकाळी ७.
लातूर जिल्हा होऊन चार दिवस झाले. जिल्ह्यातील पहिला मार्गदर्शक श्वान मीच तयार करणार. काचबिंदूमुळे माझी दृष्टी दिवाळीपर्यंत जाईल, असे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर घाईत होते. तथापि पूर्वतयारी असावी. दुकानात एकट्याने जाता आलेच पाहिजे. मुंबईहून इंग्रजी पुस्तिका मागवली. गल्लीतील तांबडा कुत्रा नियुक्त केला. नाव: मॅनेजर.

२७ ऑगस्ट.
पुस्तिकेतील आज्ञांचे शुद्ध मराठीत भाषांतर पूर्ण. 'अग्रेसर हो.' 'वामभागी वळ.' मॅनेजर बसून राहिला. पत्नी शिवगंगा म्हणाली, "आवो, चल म्हणा की त्याला! कुत्रं हाय, वकील न्हाई." सूचना विचाराधीन.

८ सप्टेंबर.
पाऊस नाही. 'चल' म्हटल्यावर मॅनेजर चालतो. मात्र केवळ पाण्याच्या टँकरकडे. दिशा निश्चित आहे. प्रगती समाधानकारक.

२० सप्टेंबर.
मुख्य अडथळा: लोक कुत्र्याला 'हाड' म्हणतात आणि मॅनेजर पळतो. आज त्याला घेऊन अकरा घरी गेलो व विनंती केली, "कृपया यास 'हाड' म्हणू नये." अकराही ठिकाणी माझे वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच तो पळाला. शेजारच्या मल्लम्मा म्हणाल्या, "कुनाला म्हनू नये, अण्णा? हितं तर कुनीच न्हाई."

३ ऑक्टोबर.
नवी शाई फिकी निघाली. अक्षर नीट उमटत नाही. दुकानदाराकडे लेखी तक्रार करणार.

१७ ऑक्टोबर, सायंकाळी.
(हस्ताक्षर शिवगंगाचे. मजकूर माझा.)
आज दुपारी अंतिम परीक्षा. डोळ्यांवर उपरणे बांधून मॅनेजरसह गंजगोलाईत गेलो. पुस्तिकेतील चौकाला चार रस्ते आहेत, येथे सोळा. टँकरही नव्हता. "चल" म्हणालो. आम्ही गोल फिरलो. पुन्हा फिरलो. भजीवाला भुजंग ओरडला, "काका, तिसरा फेरा हाय! लगीन लावता का कुत्र्याचं?" तेवढ्यात मॅनेजरने त्याच्या परातीत तोंड घातले असावे. "हाड!" दोरी माझ्या हातातून गेली.

रस्त्याच्या मधोमध उभा राहून उपरणे सोडले. अंधार तसाच होता. गाठ राहिली असेल म्हणून पुन्हा सोडू लागलो. उपरणे हातातच होते.

निष्कर्ष: श्वान अपात्र.

शिवगंगा विचारते, "आन् तुमी?"

ते लिहू नकोस, असे तिला बजावले आहे. पेनाचा आवाज येतच आहे.