कॉन्टेसाची शिट्टी

२९ ऑक्टोबर

चालू झाली! पण शिट्टी वाजतेय.

भैय्याजींची जुनी कॉन्टेसा. भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान, पण जीव सगळा या गाडीत. नव्या गाड्यांत असतं तेच त्यांना हिच्यात हवं होतं — वॉल्व्ह कमी रेसला लवकर उघडायचे, जास्त रेसला उशिरा, आपोआप. मी आणि प्रविणनं नागपूरच्या भंगारातून तेलाच्या दाबावर फिरून वॉल्व्हची वेळ बदलणारी कॅमची पुली आणली. पुली मी बसवली, तेलाचा मोठा पंप प्रविणनं. हायवेवर अशी ओढते की ट्रक मागे टाकताना गिअर बदलावा लागत नाही! आणि त्या सगळ्याच्या वर एक बारीक सीं...

३० ऑक्टोबर

टायमिंग बेल्ट सैल केला, ताणला, शेवटी बदलला. आहेच.

प्रविण बॉनेटखाली वाकून म्हणतो, "मले तं काही ऐकू नाही येऊन राहिलं बा." इतकी वर्षं भागीदारीत गॅरेज चालवतोय आणि एवढी शिट्टी ऐकू येत नाही! लाखनीत लोक येतात ते माझ्या कानासाठी. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावली की कोणता वॉल्व्ह ढिला ते पान्याला हात लावायच्या आधी सांगतो. उगाच नाव नाही झालेलं.

२ नोव्हेंबर

भैय्याजी आले. एक फेरी मारली, हसतच उतरले. "का गा मनिष, हे तं मख्खन झालं! चाबी दे, घेऊन जातो."

नाही दिली. म्हटलं, शिट्टी आहे. त्यांनी कान लावला. "कुठी हाये शिट्टी?" साठी ओलांडलेला माणूस, त्यांना काय ऐकू येणार! पण उद्या पंप अडकला, तेलाचा दाब गेला, तर इंजिन रस्त्यातच जाम. असलं काम माझ्या नावावर बाहेर जाणार नाही.

३ नोव्हेंबर

तेलाची लाइन काढली. साफ होती. परत बसवली. सीं.

५ नोव्हेंबर

वैताग आलाय नुसता. जेवतानाही तेच डोक्यात. शालू काहीतरी विचारत होती, मला पत्ताच नाही. ती भडकली — "जेवाच्या ताटावर गाडी कायले आणता तुम्ही?" बायकोचं बरोबर आहे. पण करू काय!

७ नोव्हेंबर

आज प्रविणला बोललो. बोलायलाच हवं होतं. बेल्ट नवा, लाइन साफ, पुली मी स्वतः तपासलेली. उरला पंप. म्हटलं, तिरका बसलाय, कबूल कर.

"कितीदा खोलून दाखवू तुले? अजून काय पाहिजे?"

मग मी म्हणालो — लिहू नये, पण लिहितो — तू कायमच पाट्या टाकतोस, निस्तरायला मी असतो.

त्यानं हात पुसले, फडकं बॉनेटवर ठेवलं. "आता तूच चालव गॅरेज." गेला.

जाऊ दे. स्वतःची चूक मान्य नसेल तर राहून तरी काय उपयोग?

८ नोव्हेंबर

आला नाही. त्याच्या वाटची दोन कामं मीच उरकली. फोन करणार नाही म्हणजे नाही!

९ नोव्हेंबर

नवा पंप आणला. स्वतः बसवला, जपून. चावी फिरवली.

सीं.

१० नोव्हेंबर

इंजिन गाडीतून उतरवलं. पार सुटं केलं. एकेक भाग धुऊन टेबलावर मांडला — कुठं ओरखडा नाही, काही नाही. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय. भैय्याजींचा फोन येत होता, उचलला नाही. प्रविण समोरच्या टपरीवर चहा पिऊन गेला. इकडे पाहिलंसुद्धा नाही. नको पाहू!

१२ नोव्हेंबर

सिहोरा, शालूचं माहेर. गावात मंडईची जत्रा आहे म्हणून तिनं ओढून आणलं. दुपारी जेवून सगळे आडवे झाले, मी एकटाच तलावाच्या पाळीवर येऊन बसलो. वारा नाही. पाखरू नाही. इंजिन तिकडे लाखनीत, टेबलावर सुटं पडलेलं.

सीं...

दोन्ही कानांत बोटं घातली. वाढलीच.

प्रविणनं पंप नीट बसवला होता.