पाच किलो मुळं आणि एक मरतुकडा ठिपका

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा तुमच्यावरचा पहारा, दोन्ही ठीक असतील असं धरून मुद्द्यावर येते.

आधी बसून घ्या. तुमच्या भाचीने चिनी औषधी मुळांतून नवं अल्कलॉइड वेगळं काढलं आहे. (म्हणजे वनस्पतीतलं कडू, गुणकारी द्रव्य. आईला एवढंच सांगा. तिला अजून वाटतं मी इथे बाटल्या धुते.) महिनाअखेर नवं काही दाखवलं नाही तर टेबल दुसऱ्याला देईन, असं सरांनी बजावलं होतं. त्यात प्रयोगशाळेतली चक्की बिघडली. तुम्ही आठवडाभर खपून पाच किलो मुळं घरच्या ग्राइंडरमध्ये दळून दिलीत, हे मी विसरणार नाही. (भुकटीला असा घमघमाट, की शेजारच्या टेबलावरचे निमित्त काढून हुंगून जात.) ती स्पिरिटात भिजवली, अर्क आम्लात विरघळवला, अमोनिया घालून डोळे चोळत बसले. एकदा बूच उडालं आणि निम्मा अर्क सरांच्या कोटावर गेला. मी कोटही पिळून घेतला.

शेवटी अर्कातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या काचपट्टीवर दोन ठिपके उमटले, एक ठसठशीत, एक मरतुकडा. अल्कलॉइड असेल तर फवारा मारल्यावर ठिपका नारिंगी होतो. मरतुकडा झाला, ठसठशीत झाला नाही. मी म्हटलं, फवाराच शिळा असणार. ठसठशीतातून रेशमासारख्या पांढऱ्या सुया निघाल्या आणि मला रडू आलं. आपल्या घराण्यात काही शोधणारी मी पहिलीच. (आजोबा जन्मभर चष्मा शोधत, तो कपाळावरच असे.)

आपली,
बाटल्या न धुणारी भाची

ता. क. पाकीट चिकटवणार तोच यंत्राचा कागद आला. सुयांच्या रेणूचं वजन एकशे चौऱ्याण्णव. हा आकडा इथे पहिल्या वर्षाची मुलंही ओळखतात. ते कॉफीतलं कॅफीन आहे, अल्कलॉइड असूनही या फवाऱ्याला दाद न देणारं. मामा, त्या ग्राइंडरमध्ये आधी काय दळत होता? रागावणार नाही, खरं सांगा.

आणखी एक. पत्र दोन दिवस पिशवीतच राहिलं, ते बरंच झालं. सर हसले नाहीत, मरतुकड्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हा कोण?" त्यालाही यंत्रात घातला. तो कुठल्याच पुस्तकात नाही. तो नवा आहे आणि माझा आहे. टेबलही राहिलं. पण हाती आला तो चिमटीतही मावेल एवढा, म्हणून आणखी पाच किलो मुळं पाठवते आहे. त्याआधी ग्राइंडर मात्र इकडे पाठवा, मी स्वतः धुते. आईला कळवू नका.