एक मात्रा कमी

बाई, आज मी मुलींना वृत्त शिकवायला मूठभर चिंचोके आणि जोंधळे घेऊन गेले. गुरू अक्षराला चिंचोका, लघूला जोंधळ्याचा दाणा, अगदी तुमच्यासारखं. आमच्या घरी तेलुगू बोलायचे आणि मराठी फक्त शाळेत, त्यामुळं माझा कानावर भरवसा नव्हता, दाण्यांवर होता. तुम्ही मात्र दर वेळी म्हणायचात, "मोजून झालं ना? आता मोठ्यानं म्हण." अलंकाराचंही तसंच. "काढून बघ. काही बिघडलं नाही, तर तो उगाच घातलेला." इतकं स्वच्छ मला पुढं कुणीच शिकवलं नाही.

आणि मग तो दिवस. सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. फळ्यावर तुम्ही कवीचं नाव न घालता चार ओळींची कविता लिहिताय. आटलेल्या विहिरीवर एक बाई पोहरा सोडते, एवढाच विषय. तेवढ्यात दारात माझे नायना, म्हणजे वडील, हातमागावरनं उठून तसेच आलेले. "पोरीला न्यायला आलोय, बाई. घरात सुताच्या कांड्या भरायला मानूस न्हाय. लई शिकली की आता." मी पाटीवर मान घालून बसले. गेले असते तर परत आलेच नसते. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, "बसा. एवढा तास होऊ द्या." मग माझ्याकडं वळलात. "सांग, रचना कशी आहे?"

मी दाणे मांडले. बाकीच्या ओळींत सोळा मात्रा, तिसरीत पंधराच. उठून ठणकावून सांगितलं, "कवी चुकलाय, बाई. 'दोर' काढून 'दोरी' घाला, मात्रा भरते." तुम्ही जरा वेळ फळ्याकडं पाहत राहिलात, मग 'दोर' पुसून 'दोरी' लिहिलंत. "बरोबर आहे. कविता माझीच आहे, चूकही माझी." त्या दिवशी मात्र तुम्ही ती ओळ मोठ्यानं म्हणायला लावली नाही. नायना उठले. मला म्हणाले, "बस तू. कांड्यांचं बघतो मी." संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं, की आपल्या पोरीनं बाईंची चूक काढली.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्याच वर्गात, मी ती कविता आधीच्या शब्दासकट मोठ्यानं म्हटली. 'दोर' म्हणताना आवाज मध्येच तुटला. विहिरीत दोर पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ओळही पोचत नव्हती. तुम्ही ती मात्रा मुद्दाम तोडली होती, आणि दारात बसलेल्या माणसासाठी ती मला भरू दिलीत. माझ्या एका शब्दानं दोर पाण्याला टेकला आणि कवितेतलं सगळं दुःख गेलं. स्वतःची चांगली ओळ भर वर्गात चूक म्हणून कबूल करायची, हे माझ्यानं कधी झालं नसतं. बाई, तुमच्याएवढी मोठी माणसं मी फार थोडी पाहिली.

हे कळलं तेव्हा नायना हयात होते. म्हातारपणीही कुणी घरी आलं, की ते चूक काढल्याची गोष्ट सांगायचे. खरं काय ते सांगायला मला पुष्कळ संध्याकाळी मिळाल्या. मी सांगितलं नाही. मला ती गोष्ट ऐकायला आवडायची.